क्यूबाचं पान मळत नाहीत

बहरीनला नोकऱ्या केलेले आम्ही चार-पाच म्हातारे जमलो की पहिला अर्धा तास गुडघे आणि ब्लडप्रेशर यात जातो. मग कुणीतरी म्हणतं, "पीटर, ती मामांची सिगारची खोली काढ रे!" झालं! एक किस्सा काढावा तर मागून चार कोसळतात, कोंबून भरलेलं कपाट उघडल्यासारखे. माझी बायको म्हणते, दर वेळी थोडं वाढवून सांगतोस. अजिबात नाही. उलट बायकामाणसं असतात म्हणून बरंच गाळतो. ज्याला खोटं वाटतं त्याने खुशाल उठून जावं, चहा मात्र पिऊन जा.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. बहरीनची राजधानी मनामा, तिथल्या एका मोठ्या हॉटेलच्या गिफ्ट शॉपमध्ये मी सेल्समन होतो. वसईहून आलेला, पंचविशीचा, टाय लावायला मिळतो म्हणून खूश. दुकानाच्या मागे काचेची छोटी खोली होती. तिच्यात फक्त क्यूबाच्या सिगारी. त्या खोलीचे मालक म्हणजे दत्तूमामा. कागदावर मालक कुणीही असो! गाव निपाणी, घराणं तीन पिढ्या तंबाखूत, शिक्षण चौथी.

*

मामा खरं तर स्टोअरमध्ये पोती उचलायला आले होते. सिगारी सांभाळायला तेव्हा एक सूटबूटवाला होता. बहरीनचा उन्हाळा बघून त्याने डोकं चालवलं आणि सगळ्या पेट्या किचनच्या कोल्डरूममध्ये नेऊन ठेवल्या.

आठ दिवसांनी गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू. आमचा जनरल मॅनेजर हॅरिस, सहा फूट उंच गोरा, स्वतःवर भयंकर खूश. तो पेटी उघडून हुंगतोय, सूटबूटवाला हुंगतोय, कुणाला काही कळेना. मामा तांदळाचं पोतं घेऊन मागून चालले होते. ते थांबले आणि पोतं खांद्यावर असतानाच त्यांनी नाक वर केलं.

"साहेब, ह्यात हामूर हाय."

हामूर म्हणजे तिथला मासा. कोल्डरूममध्ये शेजारच्याच फळीवर होता! दुसऱ्या दिवशी खोलीची किल्ली मामांच्या कमरेला लागली.

*

अमेरिकन गिऱ्हाईक यायचं ते चोरासारखं. क्यूबाचा माल घ्यायला त्यांच्याच सरकारची बंदी ना! एक आला, त्याने इकडेतिकडे बघत पंचवीस सिगारी घेतल्या आणि म्हणाला, "सगळ्यांवरच्या कागदी पट्ट्या काढून द्या." मामांनी अर्धा तास बसून, पानाला नख न लावता, एकेक पट्टी सोडवली.

साहेबाने उघड्या सिगारींकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "आता या क्यूबाच्या आहेत हे मला कसं कळणार?"

मी भाषांतर केलं. मामा म्हणाले, "त्यास्नी सांग, कळू नये म्हणूनच तर अर्धा तास घालवला!"

*

एकदा मामांनी मोडकी सिगार नईम मोहल्ल्यातल्या आमच्या खोलीवर आणली. आम्ही सात जण राहायचो. एकानेही ती पेटवली नाही. पण स्टुडिओत जाऊन सातही जणांनी तीच सिगार तोंडात धरून, तोच उसना कोट घालून फोटो काढले आणि घरी पाठवले.

आईचं पत्र आलं. "पोरा, दारूही सुरू केली असशील तर तेही कळव, म्हणजे एकदाच रडून घेते." पुढच्या रजेत मुलगी बघायला गेलो. तिच्या बापाने फोटो बघितला होता. मला वाटलं, आता हा हाकलणार. त्याने दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "एखादी आणलीय का?"

नव्हती आणली. तरी मुलगी दिली. तीच ही, मला खोटारडा म्हणणारी!

*

मामा स्वतः सिगार ओढत नसत. त्यांच्या खिशात चुन्याची डबी आणि निपाणीहून येणारी तंबाखूची पुडी. दिवसातून चार वेळा मागच्या दाराशी उभे राहून मळायचे. एकदा पुडी घेऊन येणारा माणूस गावीच आजारी पडला आणि मामांचे नऊ दिवस कोरडे गेले. दहाव्या दिवशी मला बघवेना. एक सिगार फाटलेली पडली होती. म्हटलं, "मामा, विकली तर जाणार नाही. मळा की!"

असे भडकले की बस्स. "अक्कल हाय का, पीटर? क्यूबाचं पान मळत न्हाईत! कुणीतरी वरीस-दोन वरीस लेकरागत जपलंय त्याला. त्यात चुना टाकून मी थुकू व्हय?"

दाराशी हाजीसाहेब उभे होते. हॉटेलचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, हॅरिससुद्धा त्यांच्यापुढे वाकायचा. त्यांच्या वडिलांचा मोत्यांचा व्यापार होता, त्यामुळे तरुणपण मुंबईत गेलेलं. आमच्यापेक्षा झकास मुंबईची हिंदी बोलायचे. मी त्यांना सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. "बंबई में हम भी खाता था. मामा बराबर बोलता है. ये पत्ता मलने का नहीं."

त्या दिवसापासून हाजी पेटी घेण्याआधी फक्त मामांना विचारायचे, "असली?" मामांनी मान हलवली की सौदा पक्का.

*

आता खरा किस्सा.

हॅरिस रजेवर गेला आणि बायकोला घेऊन कॅरिबियनची क्रूझ करून आला. येताना क्यूबाच्या सिगारच्या दहा पेट्या. आम्हाला सगळ्यांना गोळा करून भाषण ठोकलं. कुठल्याशा बंदरावर एक माणूस भेटला, त्याचा सख्खा भाऊ फॅक्टरीत, थेट तिथला माल, निम्म्या किमतीत, ऑथेंटिक!

मामांनी एक सिगार घेतली. कानाशी धरून दाबली, हुंगली आणि परत ठेवली. "साहेबास्नी गंडवलंय कुणीतरी."

हॅरिसने मला विचारलं, "काय म्हणतोय?"

मी भित्रा माणूस. म्हटलं, "सर, ही सिगार जरा डिफरंट आहे म्हणतात."

"नो डिफरंट!" मामा गरजले. "नो क्यूबा!"

हॅरिसचे कान लाल झाले. त्याने पेट्या खोलीत लावायचा हुकूम दिला. मामांनी त्या टूथपेस्टच्या फळीवर लावल्या. हॅरिसने पुन्हा आत ठेवायला लावल्या. दुसऱ्या सकाळी पेट्या पुन्हा टूथपेस्टजवळ!

मग आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावणं आलं. टेबलावर एक कागद होता. मामांच्या मुलाच्या, सदाच्या व्हिसाचा अर्ज. सदाला हॉटेलच्या लाँड्रीत लावून घ्यायचं ठरलं होतं, फक्त हॅरिसची सही बाकी होती. निपाणीतली नोकरी पोरगा सोडून बसला होता.

हॅरिस शांतपणे म्हणाला, "उद्या हाजी येणार आहेत. मुलीचं लग्न आहे, दहाही पेट्या घेतील. तू शेजारी उभा राहायचं. तोंडातून एक शब्द निघाला, तर हा कागद कचऱ्यात आणि तू विमानात."

मी शब्दन् शब्द मामांना सांगितला.

नईमला परतताना मी हात जोडले. "मामा, सदासाठी तरी उद्या गप्प राहा. खलास करून टाका हा विषय."

"गप्पच ऱ्हाणार," मामा म्हणाले. "साहेबानं सांगितलंय न्हवं? एक शब्द न्हाई."

मला हायसं वाटलं. मूर्ख मी!

दुसऱ्या दिवशी हाजी आले. हॅरिसने स्वतःच्या हाताने पेटी उघडली. "ऑथेंटिक क्यूबन, हाजी. मी स्वतः आणल्यात, खास!"

हाजींनी पेटीकडे बघितलंच नाही. "मामा, असली?"

हॅरिस मामांकडे बघत होता. मी जमिनीकडे.

मामांनी मान हलवली नाही. पेटीतली एक सिगार उचलली आणि ब्लेडने उभी चिरली. अख्खी पानं निघायला हवी होती, भुरभुर चुराच निघाला. तो त्यांनी डाव्या तळहातावर घेतला. खिशातून डबी काढली. नखाने चुना घेतला आणि अंगठ्याने मळायला लागले. सावकाश, नेहमीसारखं. दोन टाळ्या मारून धूळ उडवली, ती हॅरिसच्या टायवर गेली. मग चिमूट ओठाखाली धरली आणि हॅरिसच्या डोळ्यांत बघत, हात मागे बांधून उभे राहिले.

शब्द एक नाही!

हाजींनी मामांच्या तळहाताकडे बघितलं. मग हॅरिसकडे. पेटीचं झाकण त्यांनी हळूच लावलं. आपल्या पांढऱ्या झग्याची बाही वर सारली आणि हात मामांच्या पुढे केला.

"मेरे में चूना कम डालना."