नॉर्मल बीपीचा कोंबडा

कासा गावापासून पाड्यांपर्यंत माझी जीप चालते, आणि जीपपेक्षा जास्त माझं तोंड. तेवढ्याच लायकीवर एका संस्थेने मला आरोग्यमित्र केलं. "लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे," ट्रेनिंगच्या बाई म्हणाल्या. मी लगेच मान डोलावली. बीपीचं मशीन मिळालं, टोपी मिळाली. टोपी घालून मी आरशात इतक्यांदा पाहिलं की मागे बसलेल्या बाया ओरडल्या, "अरे, रस्त्यावर बघ!"

आमच्या पाड्यावरचे एक काका चिकूच्या वाडीत मजुरीला जायचे. त्यांचं बीपी भलतंच वर. गोळ्या घ्यायला तयार नव्हते. मी रोज जीपमधून ओरडायचो, "काका, गोली?" शेवटी माझ्या आवाजाला कंटाळून घ्यायला लागले. पुढे एकदा मशीनवर आकडा चांगला आला आणि मी अख्ख्या पाड्याला ऐकू जाईल असा ओरडलो, "नॉर्मल! काका, जिंकलात!"

आकडा गोळ्यांमुळे खाली आलाय, त्या चालूच ठेवायच्या, हे ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलं होतं. ओरडण्याच्या नादात तेवढंच सांगायचं राहिलं.

काका बरे व्हावेत म्हणून काकीने देवाला कोंबडा बोलला होता. तो कापला. मला मानाने बोलावलं. "तुझ्यामुलं बरा झाला," म्हणत तिने तंगडी माझ्या ताटात घातली. मी रस्सा पुन्हा मागून घेतला. आमच्याकडे नवस फेडला की दुखणं संपलं. त्यानंतर औषध घेणं म्हणजे देवावर संशय. मी याच पाड्यावर वाढलो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. तरी बोटं चाटत बसलो.

नंतर जीपमधून हाक मारली की काका हसून हात हलवायचे. मला वाटायचं, घेतली गोळी.

भातकापणीच्या दिवसांत त्याच जीपमध्ये आडवं घालून मी त्यांना कासाच्या दवाखान्यात नेलं. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. गोळ्यांचं विचारलं तर काकी गोंधळून म्हणाली, "तूच बोलला ना, नॉर्मल? जेवून पण गेला. मग गोली कशाला?"

आता गोळ्या चालू आहेत, मजुरी बंद. मला कोणी दोष देत नाही; विश्वास आहे ना! परवा काकांच्या डाव्या दंडाला मशीनचा पट्टा बांधत होतो, तर काकी हळूच म्हणाली, "देवाला कोंबडा लहान पडला असंल."

लहान नव्हता. तंगडीच माझ्या ताटात मावत नव्हती.