पांढऱ्यातला थेंब

बंदराच्या धक्क्यामागे पत्र्याची एक लांबट शेड आहे आणि तिच्यात एक गृहस्थ दिवसभर पांढऱ्या रंगात बुडालेले असतात. फायबरच्या होडीला भेग पडली, कुठे आदळून तिचा वरचा गुळगुळीत थर, म्हणजे जेलकोट, उडाला, की होडी यांच्या दारात येते. सगळं बंदर त्यांना मलमकाका म्हणतं. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते कळलं असतं तर काकांनी त्याची खैर ठेवली नसती, कारण नाकावर माशी बसू देणारा हा माणूस नव्हे.

पण रंगाचा डबा हातात आला की हेच काका वेगळे होतात. दुपारी पत्र्याच्या फटींतून ऊन खाली उतरतं, घासलेल्या फायबरची धूळ त्यात तरंगत राहते आणि काका काडीने डबा ढवळत तंद्रीत जातात. पांढरा तो पांढराच की, असं त्यांच्यासमोर म्हणून तर बघा! सायीचा पांढरा वेगळा, धुतलेल्या चादरीचा वेगळा, आणि एका थेंबाने यातला एक जाऊन दुसरा येतो. ढवळता ढवळता तास सरून जातो. काकूंनी हाक मारली तर ते ‘हं’ म्हणतात आणि तो ‘हं’सुद्धा कुठूनतरी लांबून येतो.

शेडच्या मधोमध प्लायवूडची आडभिंत आहे. तिच्या पलीकडे अकरा वर्षं कुणी पाऊल टाकलेलं नाही. हसाल तुम्ही, पण ही भिंत एका थेंबापायी उभी राहिली.

काकांनी आणि त्यांच्या दादाने तरुणपणी याच शेडमध्ये साचा करून पहिली होडी घडवली. तिचा पांढरा रंग दोघांनी मिळून कालवला आणि दोघेही एवढे शहाणे, की प्रमाण कुठे लिहून ठेवलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी तोच रंग पुन्हा करायची वेळ आली. दादा म्हणाला, त्यात निळ्याचा थेंब होता. काका म्हणाले, पिवळ्याचा. शब्दाने शब्द वाढला. आधी डोळे तपासून घे, असं काका मोठ्या भावाला चारचौघांत म्हणाले. दादाने डोक्यात राख घालून घेतली, अवजारं आणि होडी उचलली आणि बंदराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन लोकांना पाण्यात फिरवून आणायचा धंदा मांडला. त्याच्या अर्ध्या भागाकडे नजर जायला नको म्हणून काकांनी मधे प्लायवूड ठोकलं. दोघेही हट्टाला पेटलेले, मग सांगणार कोण आणि ऐकणार कोण?

तर परवा सकाळी वहिनी तीच होडी गाडीमागे जोडून घेऊन आल्या. पुढच्या अंगाला वीतभर खड्डा पडला होता आणि त्याच्याभोवती बारीक भेगा पसरल्या होत्या. भर दुपारी, पाणी शांत असताना, दादाने ती सरळ धक्क्यावर नेऊन आदळली होती. लक्ष कुठे असतं त्याचं, असं काकांच्या तोंडून निघून गेलं.

“दिसत नाही त्यांना, भावोजी,” वहिनी म्हणाल्या. “वर्षभर आमच्यापासून लपवलं. डोळ्याची नस वाळलीये, आता काही व्हायचं नाही म्हणतात डॉक्टर.”

काकांनी बादली भरून आणली आणि ते होडी धुवायला लागले.

भेगा खरवडून झाल्यावर त्यांनी खड्ड्याशेजारची दोर बांधायची स्टीलची खुंटी सोडवली, ती धक्क्याने हलली होती. खुंटीखालची पट्टी निघाली आणि काकांचा हात जागीच थांबला. पट्टीखाली तळहाताएवढा तुकडा होता, होडी घडवली त्या दिवसापासून ऊन न लागलेला. तो निळसर होता. स्वच्छ, गार, निळसर पांढरा. बाकीच्या होडीला वर्षानुवर्षं उन्हाने पिवळं केलं होतं आणि त्या पिवळ्यालाच काका मूळ रंग समजून बसले होते.

ते तिथेच खाली बसले. समोर पुन्हा ती जुनी शेड दिसायला लागली, आडभिंत नसलेली, दोन्ही दारं उघडी. डबा काकांच्या गुडघ्यांत धरलेला, आणि वर वाकलेला दादा श्वास रोखून काडीच्या टोकावरून एक थेंब सोडतोय. अंगठा निळा झालाय त्याचा. थेंब पांढऱ्यात फिरत फिरत विरून जातो आणि दोघं भाऊ उगाचच हसतात. किती वेळ गेला कोण जाणे, काकूंनी येऊन खांदा हलवला तेव्हा काका भानावर आले.

पट्टी परत बसवली असती तर कुणाला कळणारही नव्हतं. किंवा दादाचे डोळे धड असते तर नुसता तो तुकडा दाखवून भागलं असतं. आता सांगायचं तर तोंडानेच सांगायला हवं होतं, आणि चुकलो हा शब्द काकांच्या तोंडून जन्मात कधी निघाला नव्हता.

त्यांनी काम पूर्ण केलं. आजूबाजूच्या उन्हाने पिवळ्या पडलेल्या रंगाशी मेळ बसायचा म्हणून त्यांना पिवळा घालावाच लागला आणि प्रत्येक थेंबाला ते मनात चरफडले. खड्डा भरला, हवा लागून वरचा थर चिकट राहू नये म्हणून त्यावर प्लास्टिक चिकटवलं. दुसऱ्या दिवशी पाणी मारत सँडपेपरने घासून, पॉलिश करून होडी दादाच्या दारात नेली.

दादा पायरीवर बसला होता. केस सगळे पांढरे झालेले. काकांची चाहूल त्याने पावलांवरूनच ओळखली आणि नुसता सरकून त्याने जागा केली. काका शेजारी टेकले. त्यांनी घसा खाकरून सांगितलं, की खुंटीखालचा मूळ रंग सापडला, तो निळसर आहे.

दादा म्हणाला, “म्हणजे तुझंच खरं निघालं की. मीच मेला पिवळा धरून बसलो.”

काका बघतच राहिले. हा खरंच विसरला होता की जाणूनबुजून झुकत होता, चेहऱ्यावरून काही कळेना. आता गप्प बसायचं, बस्स. अकरा वर्षांचा मान आपोआप पदरात पडत होता आणि दादा काही खुंटी उघडून बघणार नव्हता.

“नाही रे दादा,” काका म्हणाले. “निळा तू म्हणत होतास. मी चुकलो.”

दादाने हात चाचपडत पुढे केला आणि काकांचं मनगट घट्ट धरलं. “अकरा वर्षं,” तो म्हणाला, “भांडायलासुद्धा कुणी नव्हतं रे मला.”

काका रडले. दादाला दिसत नाही म्हणून तोंडावर हात दाबून, आवाज न करता, मनसोक्त रडले.

“पुरे आता,” दादा म्हणाला. “नाक पूस.”