पंख्यातल्या अक्षता

घशाच्या ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात बाबांनी दोन दुपारी दार लावून घेतलं आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर गाऱ्हाणं रेकॉर्ड केलं. यानंतर बोलता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. गणपतीपुढे उभं राहून गावच्या देवांची, गेलेल्या माणसांची नावं ओळीने घ्यायची, सगळ्यांसाठी मागणं मागायचं आणि घरच्यांनी मागून ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. आमच्याकडे हे काम बाबांचं. ती नावं आणि तो क्रम दुसऱ्या कुणालाही येत नव्हता. मी तर शिकून घ्यायचं दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलत आलो होतो. रेकॉर्डिंग त्या मशीनमध्ये आहे हे एकट्या बाबांना ठाऊक होतं. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता, आणि तो मीच केला होता.

आमची खोली काळाचौकीला, चाळीत. कॉम्प्युटर देव्हाऱ्याच्या खालीच ठेवलेला. मी परळच्या एका ऑफिसात लोकांची मशीनं दुरुस्त करतो, त्यामुळे घरचं मशीन दुर्लक्षित राहणार हे ओघानेच आलं. बाबा गिरणीत फिटर होते. दसऱ्याला खात्यातल्या मशीनची पूजा करायची त्यांची सवय, गिरणी गेल्यावर ती पूजा कॉम्प्युटरच्या वाट्याला आली. झेंडूचा हार, हळदकुंकू, वर मूठभर अक्षता. मी चिडवायचो, “बाबा, बोकड पण कापूया का याच्यापुढे?” ते म्हणायचे, “हत्यार आसा ता. त्येचो मान ठेवूक होयो.”

ऑपरेशन झालं. बाबा घरी आले ते गळ्याला भोक घेऊन. आईने त्यांना शाळेतल्या पोरांची असते तसली पाटी आणून दिली. त्याच दिवसांत कॉम्प्युटर हँग व्हायला लागला. चालू केला की जेमतेम दहा-पंधरा मिनिटं धड चालायचा, मग बाण जागच्या जागी थिजायचा. माऊस आपटा, बटणं दाबा, काही नाही. वायर उपटून पुन्हा चालू करायचा, पुन्हा तेच.

मी व्हायरस शोधला, नको ते प्रोग्राम काढले, केबल बदलली. साप साप म्हणून भुई धोपटत होतो. आणि दर वेळी ऑफिसातून आलो की बाबा त्याच्यासमोर बसलेले. ते काहीतरी उघडायला जायचे, तोवर पडदा गोठलेला असायचा. माझं डोकं फिरायचं. एकदा मी ओरडलो, “हात लावू नका म्हटलं ना! तुमच्यामुळेच हँग होतंय ते!”

बाबांनी पाटी पुढे केली. तिच्यावर ‘थांब’ एवढंच लिहून झालं होतं.

आई म्हणाली, “अरे, तेंका कायतरी सांगूचा आसा. आयकून तरी घे.”

“नंतर,” मी म्हणालो. ज्या माणसाला एक वाक्य लिहायला दोन मिनिटं लागतात, त्याला मी नंतर म्हणालो.

आमच्या ऑफिसात एक रीत आहे: मशीन अडलं की फॉरमॅट मारायचं. उघडून बघत बसायला वेळ कुणाला? मी तेच केलं. फोटो पेनड्राइव्हवर घेतले, डेस्कटॉप पाहिला, बाकी सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं. गणपतीला आठवडा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी बाबा मशीनपुढे बसले आणि शोधत राहिले. मग त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘माझो आवाज खंय?’

मला अर्थ लागेना. आईने त्या दोन दुपारी बंद दारामागून ऐकू आलेल्या गाऱ्हाण्याचं सांगितलं, तेव्हा लागला. गिरणीत चांगला पाना दुसऱ्या पाळीच्या लोकांनी नेऊ नये म्हणून चिंध्यांखाली ठेवायची पद्धत होती. बाबांनी फाईलही तशीच ठेवली होती, विंडोजच्या आतल्या फोल्डरांत, कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून. माझ्यासारख्याचा.

हार्ड डिस्क काढून ओळखीच्या माणसाकडे नेली. त्याच जागेवर नवं विंडोज बसलंय, फाईल गेली, असं तो म्हणाला. घरी येऊन ती परत बसवताना मी पहिल्यांदा आत नीट टॉर्च मारला. प्रोसेसरवरचा पंखा फिरत नव्हता. पात्यांत तांदळाचे दाणे अडकले होते, कुंकवाने लाल झालेले. खाली झेंडूच्या पाकळ्या आणि धूळ यांचा थर बसला होता. बाजूच्या जाळीतून वर्षानुवर्षं आत पडलेल्या अक्षता होत्या त्या. मशीन नुसतं तापून गोठत होतं. फॉरमॅटची काही गरज नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी माझ्या बापाच्या बाबतीत केलं.

दाणे चिमट्याने काढले, पंखा पुसला. मशीन त्यानंतर एकदाही अडकलं नाही. मला त्याचा राग येतो.

अक्षतांचं मी बाबांना सांगितलं नाही. ते गाऱ्हाणं लिहून काढायला बसले, पण त्यांना ते म्हणतानाच आठवायचं. चार नावांपुढे खडू सरकला नाही. पाटी त्यांनीच पुसली.

चतुर्थीला आरती झाली आणि सगळे माझ्याकडे वळले. “बा देवा म्हाराजा,” मी सुरू केलं. ग्रामदेवतेचं नाव घेतलं, पाटीवर वाचलेली चार नावं घेतली आणि थांबलो. शेजारी बाबा उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, भराभर, न अडखळता. पुढची सगळी नावं त्यांना येत होती. मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिलो, मला एकही वाचता आलं नाही.

ओठ थांबले तेव्हा आई म्हणाली, “होय म्हाराजा.”

मग बाबांनी देवावर वाहायला माझ्या हातात अक्षता दिल्या. सगळ्यांनी वाहिल्या. माझी मूठ उघडेना.