माहेरच्या नावाने

आमच्या घरात एक नाव रोज घेतलं जायचं आणि त्या नावाचं माणूस घरात नव्हतं. अम्मा सकाळी दिवा लावताना ते घ्यायची, जेवायला बसताना घ्यायची, माझ्यावर चिडली की मुद्दाम घ्यायची: "ती असती तर अशी उलट बोलली नसती मला." तिची मोठी बहीण. माझी मासी. नाव मी इथे लिहिणार नाही. आयुष्यभर ते घेऊन अम्माने जगाला विचारलं, डोंबलाचा उपयोग झाला!

आम्ही सिंधी. पेणला आमचं कापडाचं दुकान आहे. गणपतीचे कारखानदार फेट्यांना आणि शेल्यांना साटीन, जरीची किनार आमच्याकडून नेतात. मी पेणच्याच मराठी शाळेत शिकले, लग्नही गावातच झालं. मला भाऊ नाही, म्हणून अम्मा माझ्याकडे असते. माझं भांडण सिंधीत सुरू होतं आणि मराठीत संपतं. आता लिहितेय तेही मराठीत, कारण राग मला नीट मराठीतच येतो.

फाळणी झाली तेव्हा अम्मा सहा वर्षांची होती. तिची आई आधीच गेलेली. आजोबांना दुकानाचं काहीतरी करून मग निघायचं होतं, आणि घरात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. दिवस वाईट. म्हणून मोठीला त्यांनी आपल्या भावाबरोबर, भावजयीबरोबर पुढे पाठवलं. धाकटीला घेऊन ते मागाहून बोटीने मुंबईत उतरले. त्यांना ठेवलं कल्याणजवळ, महायुद्धातल्या लष्कराच्या रिकाम्या बराकीत. भावाचं कुटुंब पोचलं पार कोल्हापूरकडे. तिथे लढाईच्या वेळी पोलंडची माणसं ठेवली होती. ती माणसं गेली आणि त्यांच्या खोल्यांत आमची आली.

भाऊ तिथे आहे हे आजोबांना कळायलाच कितीतरी महिने गेले. ते धावत गेले. तिथे समजलं की भाऊ आणि भावजय दोघंही तापाने गेली. मुलगी कुठाय? एका शेजाऱ्याने सांगितलं, की मरायच्या आधी तुमच्या भावाने घरातल्या एका मुलीचं लग्न लावून दिलं, पण तिचं नाव तुम्ही म्हणता ते नव्हे, दुसरंच काहीतरी होतं.

आता हे समजून घ्या. आमच्यात लग्नाच्या दिवशी मुलीचं नुसतं आडनाव बदलत नाही, पहिलं नावही बदलतं. महाराज, म्हणजे आमचा भटजी, अक्षर काढून देतो, सासरचे नाव ठेवतात, आणि त्या दिवसापासून जुनं नाव संपलं. माझंही बदललं. अम्माचंही. हे आजोबांना माहीत नव्हतं? स्वतःच्या बायकोचं नाव त्यांनीच बदललं होतं की! पण त्या शेजाऱ्याच्या अंगावर ते धावून गेले. "माझ्या मुलीचं कन्यादान माझ्याशिवाय कोण करणार? ती माझी नव्हे!" झालं. मग ते दिवसभर बराकींच्या रांगांमधून मुलीच्या नावाने हाका मारत फिरले, आणि कल्याणला परत आले.

ही गोष्ट अम्मा मला अभिमानाने सांगायची. बाबा कसे कडाडले, शेजारी कसा गप्प झाला. मला लहानपणीसुद्धा वाटायचं, अहो, त्या माणसाला नवऱ्यामुलाचं नाव तर विचारायचंत! गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावते. ज्याने धागा हातात दिला त्यालाच शिव्या घालून आले.

मग अम्मा शोधत राहिली. कुठेही सिंधी माणूस भेटला की तिचा प्रश्न ठरलेला. सरकारी कचेऱ्यांत जाऊन आली, तिथल्या लोकांनी हात वर केले. सगळ्या बाजाराला ठाऊक झालं होतं. खाडीकडच्या बायका पोलक्याचं कापड घ्यायला यायच्या त्याही विचारायच्या, "काय गो शेठाणी, गावली का तुझी भैन?" "नाय गो," अम्मा म्हणायची आणि कात्री चालवायची. अलीकडे तिचा धीर सुटत चालला होता. मला म्हणायची, "जिवंत नसेल तर नसेल. पण तिचं काय झालं ते मला कळू दे. त्याशिवाय मी मरायची नाही, आणि मला तर आता कंटाळा आलाय."

रोह्याला आमच्यातली मोजकी घरं आहेत. त्यातलं एक मोठं, बाजारात दुकान असलेलं. त्या घरातल्या म्हातारीला आम्ही चाळीसएक वर्षं ओळखत होतो. चेटीचंडला, आमच्या नव्या वर्षाला, सगळी घरं एकत्र जमतात, तेव्हा अम्मा आणि ती एकाच पंगतीला बसायच्या. एकदा अम्माने केलेल्या गोड भातात, आमच्या तैरीत, तिने बडीशेप कमी आहे म्हणून नाक मुरडलं. अम्माच्या अंगाचा तिळपापड झाला. तेव्हापासून दोघी एकमेकींना बघून तोंड फिरवायच्या. "रोह्याची महाराणी आली बघ," अम्मा माझ्या कानात म्हणायची.

अम्माने त्या घरातही विचारलं होतं, पण महाराणीच्या नवऱ्याला. पुरुषांना विचारायची पद्धत. त्याने मान हलवली, या नावाची आपल्याकडे कोणी नाही. बायकोचं माहेरचं नाव त्याला आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे, आता तोही नाही. म्हातारीला अम्माने फक्त गाव विचारलं होतं. तिने सिंधमधलं सासरचं गाव सांगितलं. लग्न झालेली बाई तेच सांगते, अम्माही तेच सांगायची.

गेल्या हिवाळ्यात त्या घरात नातीचं लग्न निघालं. पोरगी धाटावला कंपनीत, लॅबमध्ये आहे. लग्नाआधीच्या एका विधीला आम्हाला बोलावणं होतं. अम्मा अर्थातच आली नाही. मी गेले. महाराजाने अक्षर काढलं, नवं नाव सुचवलं, आणि पोरगी म्हणाली, "माझं नाव बदलायचं नाही. माझ्या डिग्रीवर तेच आहे, कंपनीच्या पासवर तेच आहे." सगळे हादरले. मुलाची आई रुसून बसली. बायका समजावू लागल्या, अगं, नुसतं विधीपुरतं, आमची नाही का बदलली, आम्ही मेलो का?

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हातारी ओरडली. नव्वदी ओलांडलीय, पण आवाज अजून खणखणीत. "नाही बदलायचं! माझं बदललंत. काय होतं माझं नाव? या घरात कोणी विचारलं कधी?"

मग तिने ते स्वतःच सांगितलं.

माझ्या हातातल्या पापडाचा चुरा झाला. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, माहेरचं गाव कोणतं? तिने सांगितलं. वडील काय करायचे? तेही सांगितलं. बहीण? "एक होती," ती म्हणाली, "छोटीशी. माझ्याशिवाय झोपायची नाही." मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. चाळीस वर्षं! एका पंगतीत बसून बडीशेपेवरून भांडल्या या दोघी. मी तिला अम्माबद्दल सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "घेऊन ये."

घरी येऊन अम्माला सांगितलं तर ती आधी हसली. "ती? ती बडीशेपवाली?" मग हसता हसता खाली बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "माझी निळी साडी काढ."

दुसऱ्या दिवशी गाडी केली. नागोठण्यापर्यंत अम्मा साडीच्या निऱ्या नीट करत राहिली. मग म्हणाली, "तिचं नाक बाबांसारखंच आहे. मी आपली ते मुरडलेलंच बघत राहिले."

रोह्याला घरच्यांनी दोघींना आतल्या खोलीत बसवलं. मला वाटलं होतं गळ्यात पडतील. पडल्या नाहीत. मासीने अम्माचा हात हातात घेतला, तळवा उलटसुलट बघितला आणि सोडला नाही. मग मासी म्हणाली, "बाबांनी मला टाकलं ना?"

"टाकलं?" अम्मा उसळलीच. "बाबा आले होते तिथे! कोल्हापूरला! दिवसभर तुझ्या नावाने हाका मारत फिरले ते."

"माहितीये," मासी म्हणाली. "मी ऐकलं."

मला वाटलं, म्हातारीचा काहीतरी घोटाळा होतोय. पण नव्हता. ती अगदी सरळ सांगत होती. लग्नाला थोडेच दिवस झाले होते. बराकीत चादरीचा आडोसा करून यांची खोली केलेली. ती आत पीठ मळत होती. बाहेरून बाबांचा आवाज आला, तिचं नाव घेत. ती उठली. सासूने मनगट धरलं. सासूला भीती, बापाशिवाय लागलेलं लग्न, बाप मुलीला परत घेऊन जाईल. म्हणाली, "ते नाव आता तुझं नाही. ओ द्यायची नाही." आवाज चादरीपर्यंत आला, तिथे जरा थांबला, आणि पुढे गेला.

"मला वाटलं, परत येतील," मासी म्हणाली. "नवीन नाव कोणीतरी सांगेल त्यांना, मग येतील. आलेच नाहीत. मग मला लाज वाटायला लागली. कुठल्या तोंडाने शोधायचं त्यांना?"

अम्माने आपला हात काढून घेतला.

"एकदा ओ द्यायचीस," ती म्हणाली. "एकदा."

"हाताला पीठ होतं गं माझ्या," मासी म्हणाली. त्याचा काय संबंध, मला अजून कळलेलं नाही. पण ती तेच पुन्हा पुन्हा म्हणाली.

अम्मा सांगायला लागली. आवाज न चढवता, एकेक करून. बाबा मरेपर्यंत दाराकडे तोंड करून जेवले. दुपारी कोणी कडी वाजवली तर हातचा घास टाकून उठायचे. अम्माच्या लग्नात त्यांनी मांडवाबाहेर माणूस उभा केला होता, ती आलीच तर तिला आत आणायला.

"बस कर," मासी म्हणाली. "सांगू नकोस."

मला अम्माचा इतका राग आला! नव्वदीच्या बाईला किती मारशील? मी तिचा दंडसुद्धा धरला. तिने तो झटकला, खुर्ची आणखी पुढे ओढली आणि पुढचं सांगायला लागली.