निजलेल्या कणांची कूस

भट्टी निवायला लागली की शेडमध्ये अशी ऊब पसरते, की भर दुपारी कुणाचेही डोळे मिटावेत. शालन तर नुकती जेवून, हात धुऊन बसलेली. समोर चिनीमातीसारखा भाजलेला ठोकळा. याच्या चकत्या बॉयलरच्या तापल्या नळ्यांवर बसतात. नळी थरथरली की वीज सोडून कळवतात. भाजता भाजता दाबायचं नवं यंत्र शालननंच हट्टानं आणलं. ठोकळा झाला वज्रासारखा, पण चकत्या पूर्वीच्या निम्मीही वीज देईनात. उद्याच्या चाचणीत नापास झाल्या तर भट्टी विकायची, असं नवऱ्यानं, दिनकरनं, बोलून ठेवलंय.

पापणी टेकते न टेकते, तोच भट्टीचं दार उघडून प्रमिलावन्सं बाहेर येतात. तिची नणंद. ही भट्टी त्यांनीच मांडलेली. त्यांना जाऊनही आता बरेच दिवस झाले. कपाळावर घामाचा थेंब नाही.

"वहिनी, घोरताय."

"तुम्ही गेलात. मग कुणीतरी घोरायला नको?"

वन्सं खदखदून हसतात आणि दोघी गच्चीवर असतात. ऊन निळं आहे. ठोकळ्याच्या जागी ओल्या पापडांची चळत, वर पाटा.

"चकतीतले कण जागेच होत नाहीत हो, वन्सं, मग ती वीज कुठून देणार? त्यांना जागवायला गरम तेलात बुडवून विजेचा केवढा दाब देते चकतीला! रुसलेत मेले."

"रुसले नाहीत, निजलेत. माझ्या वेळी आपण नुसतं भाजायचो. कण वाट्टेल तसे पडायचे. कुठूनही कापा, थोडे तरी जागे व्हायचे. आता तुम्ही वरून दाबता. चपटेच ते, पडले पापडासारखे एकावर एक. आणि ठोकळा कापता कसा?"

"नेहमीसारखाच. आडवा."

"म्हणजे वीजही वरूनच देता. निजलेला वरून हाका मारून उठतो होय? माझा भाऊ उठतो का?"

"ते? तोंडावर तांब्या ओतला तरी नाही."

"मग उठवता कसे?"

शालन पदर तोंडाला लावते. गच्ची नदीवरून संथ निघाली आहे, काठावर म्हशी बघताहेत.

"कुशीत गुदगुल्या करून."

"मग!" वन्सं चळतीच्या कडेला बोट लावतात. सगळे पापड एकदम खुदखुदतात, कडांवरून ठिणग्या पळतात.

"थांबा ना जराशा."

"थांबले की परत घोराल," म्हणत वन्सं तिच्याच कुशीत पाची बोटं खुपसतात.

शालन हसतच जागी होते, खुर्चीवरून पडता पडता वाचते. उठून ठोकळा कडेवर उभा करते नि करवतीखाली आवळते.

"उभा कापणार?" दिनकर दारातून ओरडतो. "असा कधी कापलाय का आपण?"

"तुमच्या बहिणीला विचारा."

तो जवळ येतो, आणि तिच्या कमरेकडे बघतच राहतो. हिरव्या पातळावर भुकटीची पाच पांढरी बोटं. झटकायला तो हात पुढे करतो, तशी ती मागे सरते.

"राहू द्या हो ते. आधी करवत चालू करा."