इंजिनाचं तांब्याचं कडं

लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेनासं झालं, आणि जे मिळे त्यात काय कालवलेलं असे देव जाणे. त्याची काजळी आमच्या पाण्याच्या इंजिनाच्या पोटात चढली आणि ऐन हस्तात ते बंद पडलं. पाऊसही तेव्हाच दडी मारून बसलेला. गुंजवणी नदीच्या काठी माझ्या विधवा चुलतीचं भात पोटरीत आलं होतं. तिच्याकडे तेवढं एकच वावर. चार दिवसांत पाणी मिळालं नाही, तर दाणा भरायचाच नाही.

पुण्याच्या कारखान्यात मी हात काळे केलेले, म्हणून इंजिन खोलायचं काम माझ्याकडे आलं. माझा शिरस्ता ठरलेला. नट सैल करण्याआधी प्रत्येक जोडावर छिन्नीने खूण करायची. भाग ज्या क्रमाने सुटतील त्याच क्रमाने धुतलेल्या धोतरावर मांडायचे. काजळी बांबूच्या चिपेने खरवडायची, लोखंडाने ओरखडे पडतात. चुलतीच्या ओसरीवर सगळं मांडून झालं, तेव्हा कुणी हात लावू नका असं बजावून मी नदीवर अंघोळीला गेलो.

परत येऊन बघतो तर धोतरावर सगळं लखलखतंय! चुलतीने प्रत्येक भाग राखेने घासून फडताळातल्या भांड्यांसारखा लहानमोठा लावून ठेवला होता.

"उद्या खंडेनवमी," ती म्हणाली, "काळी अवजारं कशी पुजायची?"

माझं टाळकंच सरकलं. राखेची कच बेअरिंगात राहिली की बेअरिंग खाल्लंच म्हणून समजा. मी नको ते बोललो. मग सगळं पुन्हा सोड्याच्या कढत पाण्यात धुतलं, उन्हात वाळवलं, तेलाचा हात फिरवला. खुणा होत्या म्हणून क्रम तरी जुळला.

जोडायला बसलो आणि तांब्याचं कडं सापडेना. हे कडं इंजिनाच्या डोक्याखाली बसतं. ते नसेल तर दाब निसटतो आणि इंजिन धरतच नाही. सकाळीच मी ते चुलतीच्या चुलीत लाल करून पाण्यात विझवलं होतं, म्हणजे तांबं मऊ होतं आणि नीट बसतं. नवं आणायचं तर पुणं गाठावं लागणार. उकिरडा चाळला, कोंबड्यांचं खुराडं धुंडाळलं.

"त्ये तांब्याचं व्हय?" चुलती दबकत म्हणाली. "त्ये देवापाशी हाय. तू अग्नीतनं काढलंस, मला वाटलं पूजेसाठीच शुद्ध केलंस."

देवीचा कलश कलंडू नये म्हणून तिने त्याच्याखाली ते ठेवलं होतं. नवरात्रात बसलेला कलश दसऱ्याआधी हलवत नाहीत. मागायची माझी जीभ रेटेना. तिनेच देवीपुढे हात जोडले.

"आई, आदी भाताला पानी, मंग तुजं बघते."

दोन्ही हातांनी कलश उचलून तिने कडं माझ्या हातात दिलं.

इंजिन दोनदा खोकून चालू झालं, तेव्हा मी तिथेच मातीत बसलो आणि लहान मुलासारखा हसत सुटलो. चुलती पाटात उभी होती. पाणी घोट्यापर्यंत चढलं तरी ती बाहेर येईना.

पुढे जेव्हा जेव्हा इंजिन खोललं, तेव्हा ते कडं मी आधी तिच्या हातात देत असे.