बारवेवरची पाद्यपूजा

सत्कार हा शब्द ऐकला की मला अजून मळमळतं. हार, शाल, नारळ आणि ते "आमच्या गावाचं भूषण" वगैरे. कुणी समारंभाला बोलावलं की मी गुडघ्याचं निमित्त सांगते. गुडघे माझे ठणठणीत आहेत.

आमचे हे साप्ताहिक काढायचे. निजामाची राजवट जाऊन थोडीच वर्षं झाली होती. तोवर कचेरीचा कारभार सगळा उर्दूत, आणि गावात मराठी छापलेलं म्हणजे पंचांग. यांनी सोलापुराहून छपाईचं जुनं ट्रेडल मशीन आणलं, पायानं चालवायचं. हे पाय मारायचे, मी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायची. उलटी अक्षरं वाचायला मी तिथंच शिकले. चार पानांचा अंक. गठ्ठे हैदराबाद रस्त्यावर नेऊन ट्रकवाल्यांच्या हवाली करायचे. नळदुर्गावरून पुढं जाणारा जळकोटला टाकायचा, उलटा जाणारा सोलापुरात उतरवायचा, तिथून दुसऱ्या ट्रकनं तामलवाडीला. नफा? देवाचं नाव घ्या! दवाखाना, रस्ता, मुलींची शाळा, जिथं काही अडलं तिथं यांची लेखणी आणि यांची चप्पल, दोन्ही झिजायच्या.

पण यांच्या डोक्यात कायमचा बसला होता तो नारू. आताच्या पोरांना नारू माहीत नाही, बरंच आहे. पायाला फोड यायचा, तो फुटायचा, आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा तोंड काढायचा. हातभर लांब. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, सबुरीनं. मधेच तुटला तर पाय कुजलाच म्हणून समजा. ऐन पेरणीत घरोघरी गडी पायाला काडी बांधून पडलेले असायचे. आणि हे सगळं कशानं, तर गावच्या बारवेनं. लोक पायऱ्या उतरून सरळ पाण्यात उभे राहायचे, फोडाचा पाय तिथंच गार करायचे, त्याच पाण्यानं घागर भरायचे आणि घरी नेऊन प्यायचे. आम्हीही तेच प्यायचो. थू!

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी यांना सगळं समजावून सांगितलं होतं. फोडाचा पाय पाण्यात गेला की किडा पिल्लं सोडतो, ती पाण्यातून पोटात जातात, आणि वर्षभरानं पिणाऱ्याच्या पायातून नवा नारू निघतो. उपाय एकच. पायऱ्या बुजवा, वर कठडा बांधा, रहाट बसवा, पाण्याला माणसाचा पाय लागू देऊ नका. यांनी हे छापलं. पुन्हा छापलं. दर अंकात छापलं.

गावाला राग आला तो छापल्याचा. नारूचं काही नाही! "नारूचं गाव म्हणून बोभाटा केलात, आता आमच्या पोरांला पोरी कोण देणार?" आणि दुसरी अडचण वरातीची. आमच्याकडं नवरा-नवरीनं बारवेत पाय बुडवल्याशिवाय घराचा उंबरठा ओलांडायचा नाही, अशी रीत. पायऱ्या बुजवल्या तर पाय कुठं बुडवणार? सरपंच मोठं प्रस्थ. ते यांना म्हणाले, "पेपरवाले, वाडवडलांपासनं चालत आलंय हे. पाण्यातनं कुठं किडं व्हत्यात व्हय? डोकं फिरलंय तुमचं."

मग यांच्याच पायाला नारू निघाला. घोट्याजवळ. काडी बांधलेला पाय बाजूला ठेवून हे दुसऱ्या पायानं मशीन चालवायचे. मी म्हटलं, "अहो, जरा पडा की." तर म्हणे, "मी पडलो तर अंक पडला."

अशात सरपंचांना यांचा सत्कार करायचं सुचलं. का? तर तोंड बंद करायला. अंगावर शाल पडलेला माणूस शिव्या देत नाही, हे गावाला बरोबर ठाऊक असतं. हे नाहीच म्हणत होते. पण सरपंच म्हणाले, "या तर खरं. बारवेवरच ठेवू कार्यक्रम, आन् तिथंच पायऱ्या बुजवायचं जाहीर करतो." हे भुलले.

बारवेच्या वरच्या पायरीवर पाट मांडला होता. यांना पाटावर बसवलं आणि एकदम पाद्यपूजेचं ताम्हण, कलश, हळदकुंकू पुढं आलं. खाली परात ठेवली नव्हती. कुणीतरी म्हणालं, "परात कशाला? जाऊ द्या पाणी बारवेतच, पुण्यच हाय." यांनी पाय मागं ओढला आणि ओरडले, "अहो पाय धुवू नका! फोड आहे, पाणी खाली जाईल!" सरपंच लोकांकडं वळून म्हणाले, "बघा, किती विनय!" टाळ्या पडल्या. दोघांनी यांचे खांदे धरले, प्रेमानं हं, आणि सरपंचांनी कलश ओतला. गार पाणी लागताच फोडातून दुधासारखं पांढरं पाझरलं. मी बायकांत पुढंच उभी होते, मला स्वच्छ दिसलं. ते पायरीपायरीनं ओघळत बारवेत गेलं. एका म्हातारीनं मधेच ओंजळ धरली आणि तीर्थ म्हणून पिऊन टाकलं. मी कडेला जाऊन भडाभडा ओकले. मागं भाषणं चालू होती. पायऱ्या बुजवायचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

घरी आल्यावर त्या शालीनं मी खिळ्यांची शाई पुसली. हे पायाची काडी पुन्हा बांधत होते. मग म्हणाले, "जुळव." पहिल्या पानावर, मोठ्या टायपात मी जुळवलं, 'माझ्या पायाचा नारू गावकऱ्यांनी वाजतगाजत बारवेत सोडला आहे. ज्यांनी तो पाहिला, त्यांनी आता ते पाणी प्यावं.'

गावात हाहाकार उडाला. इतकी वर्षं शास्त्र कुणाला पटलं नव्हतं, पण यांच्या पायाची किळस सगळ्यांना पटली. "यानं बारव बाटवली!" म्हणून आमच्या दारात येऊन लोक अंक फाडून गेले. पण पाण्याला कुणी शिवेना. बायका लांब मळ्यातल्या विहिरींवर हेलपाटे घालून थकल्या आणि त्यांनीच घरात टुमणं लावलं. शेवटी बारव उपसली, गाळ काढला, पायऱ्या दगडांनी बुजवल्या, वर कठड्याची भिंत बांधली, रहाट बसवला. गावात मात्र आमचा अंक बंदच झाला. जळकोट आणि तामलवाडीच्या वाचकांवर तो कसाबसा तगला.

दोन-तीन उन्हाळे गेले आणि गावात नारू निघायचा थांबला. तेव्हा एक दिवस सरपंच आमच्या छापखान्यात आले, पेढे घेऊन. "पेपरवाले, देवी पावली! आमी पाद्यपूजा केली त्याचं फळ हाय हे. एवढं छापा. आन् नारू गेलाच हाय, तवा थोरल्याच्या लग्नाआधी ती भिंत काढून टाकतो. वरातीची रीत मोडाया नगं."

खिळ्यांचा खोका त्यांच्या टाळक्यात घालावा असं मला झालं. मी यांच्याकडं बघितलं. यांनी मशीनवरचा पाय खाली घेतला. आवाज शांत. "छापतो," हे म्हणाले. "पाद्यपूजेनंच नारू गेला, असं छापतो. मग पुढचंही छापावं लागेल. पूजा झालेल्या पाण्याला पुन्हा माणसाचा पाय लागला, तर देवी कोपेल आणि नारू दुपटीनं येईल."

सरपंचांनी पेढ्याचा पुडा खाली ठेवला. "व्हय की," ते म्हणाले. "मग वरातीचं?"

"रहाटानं पाणी काढा आणि परातीत पाय बुडवा. देवीला चालतंय."

ते गेल्यावर मी कडाडले, "मी नाही हे जुळवणार! जन्मभर खरं छापलंत, आणि आता हे?"

"भिंत राहील," एवढंच म्हणाले. मग स्वतःच खिळे घेऊन बसले. जुळवायची सवय नव्हती यांना, फार वेळ लागला.

हे जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आमच्याकडचे अंक वाळवीनं खाल्ले. बारवेची भिंत शाबूत आहे. आणि गावात आमच्या साप्ताहिकाचा एकच अंक उरला आहे, सरपंचांच्या बैठकीत, काचेच्या चौकटीत. यांनी जन्मात छापलेली ती एकुलती एक खोटी बातमी, आणि दर दसऱ्याला तिला हार घालतात.